थंड सायलेन्सर

इंदोरा, नागपूर
१७ नोव्हेंबर २०२४

दादा,
जय भीम.

हे पत्र गोलूभाऊने तुझ्या हातात दिलं म्हणून त्याच्यावर चिडू नकोस. तू माझा नंबर ब्लॉक केलास. आईच्या फोनवरून केला तर माझा आवाज ऐकून ठेवून देतोस. मग तू गाडी घेऊन ज्याच्याकडे जातोसच, त्याच्याकडे मी गेले. तो म्हणाला, "मी पोस्टमन नाही वं प्रीती, मी मेकॅनिक आहे." आणि पाकीट खिशात टाकलं.

बुटीबोरीच्या त्या खोलीत गादी आहे का? आई विचारते म्हणून नाही, मीच विचारते आहे. जमिनीवर झोपलास की सकाळी तुझा खुबा आखडतो आणि ते तू कुणाला सांगत नाहीस.

त्या दिवसाबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण भिवापूरच्या पाहुण्यांचं ते हसणं माझ्या कानातून जात नाही. मुलीच्या मामांनी विचारलं, "पाहुणे, जरा लंगडून राहिले काय?" आणि तू म्हणालास, "गाडीवरून पडलो होतो. जुनी गोष्ट आहे." मामा उठून बाहेर गेले, गाडीभोवती फिरले आणि तिथूनच ओरडले, "अशी गाडी असल्यावर पडीनच गा माणूस!" सगळे हसले. मुलगी, पुष्पलता, तीही हसली. मी आलूपोह्यांचा ट्रे घेऊन दारात उभी होते. दादा, तू गाडीवरून कधीच पडला नाहीस.

पाहुणे गेल्यावर मी एवढंच म्हटलं, की मुलीला सिकलसेलचं सांगायला हवं. तू म्हणालास, "उमरेडवाल्यायले सांगितलं होतं ना? मंग? चहा अर्धा ठेवून उठले." ते खरं आहे. ते कप मीच उचलले होते. मग तू म्हणालास, "तुले सांगाचं अशीन तं तुह्या लग्नात सांगजो. माह्या लग्नात तोंड बंद ठेव." मी सांगेनच. तुझ्या रक्तात जे पूर्ण आहे ते माझ्यात अर्धं आहे, आणि मला कुणी बघायला आलं तर मी ते पोह्यांच्या आधी सांगणार आहे. आई रडायला लागली. बाबा टीव्हीकडे बघत राहिले, आवाज बंद होता तरी. तू बॅग उचललीस.

मला तुझं लग्न मोडायचं नाही. हे मी तीनदा खोडून पुन्हा लिहिलं, कारण कसंही लिहिलं तरी खोटं वाटतं. मला एकच हवं आहे. साक्षगंधात अंगठी घालण्याआधी पुष्पलताला तुझ्याकडून कळावं आणि तिने आपलं रक्त तपासून घ्यावं. तिचं रक्त साफ असलं तर तुमच्या मुलांना हा आजार होणार नाही. तिच्यातही अर्धा असला तर प्रत्येक बाळामागे निम्मी भीती. हे तुला माहीत आहे. तिला माहीत नाही.

गोळी रोज घे. पाणी पी.

तुझी
प्रीती


८ डिसेंबर २०२४

दादा,

गोलूभाऊ म्हणाला, तू पत्र वाचलंस. "पूरा पढ़ा, फिर जेब में डाला. बोला कुछ नहीं." ठीक आहे. फाडलं नाहीस.

त्यानेच सांगितलं की तू मागची सीट बसवून घेतो आहेस, पाठ टेकायच्या गादीसकट. "वहिनीसाठी," म्हणाला आणि भुवया उडवल्या. मला हसू आलं, आणि रस्त्यात सायकल थांबवून मी बराच वेळ नुसती उभी राहिले.

पाहणाऱ्यांना ही गाडी म्हणजे तुझा शौक वाटते. तिच्यात काय काय बदललं ते मोहल्ल्यातलं कुणीही सांगेल. का बदललं ते तू, गोलूभाऊ आणि मी एवढ्यांनाच ठाऊक आहे. बाकीच्या गाड्यांवर गुडघे मुडपून बसणं तुला झेपेना, म्हणून ही जुनी क्रूझर घेतलीस; हिच्यावर पाय पुढे सोडून बसता येतं. मग खांदा धरला, तेव्हा हँडल उंच करून मागे ओढलं. सिग्नलवर पोरं ओरडायची, "भाऊ, क्या लुक है!" आणि तू मान हलवायचास. पाय उचलून पलीकडे टाकणं जड जायला लागलं तेव्हा सीट कापून खाली आणली. पंजा वर उचलून गिअर टाकता येईना, म्हणून टाचेने दाबायचा दांडा लावला. मागे कुणी बसलं की थांबताना सगळं वजन खुब्यावर यायचं, म्हणून मागची सीट काढून टाकलीस आणि जगाला सांगितलंस, "राजा एकटाच बसते." डोळ्यांतला पिवळेपणा दिसू नये म्हणून काळा चष्मा. आणि डाव्या बाजूचा तो दुसरा सायलेन्सर, ज्याचं भिवापूरच्या मामांनी इतकं कौतुक केलं. त्यातून धूर येत नाही. तो पोकळ आहे आणि त्यात तुझी काठी राहते.

डॉक्टर तुला सांगायचे त्याच्या आधी गोलूभाऊला कळायचं, की आता कुठलं हाड बिघडलं. आणि आता तू तीच मागची सीट परत लावतो आहेस. तिला मागे बसवायचं म्हणून ती जुनी कळ पुन्हा ओढवून घेतो आहेस. हे प्रेम आहे हे मला कळतं. म्हणूनच कळत नाही, की जिच्यासाठी इतकं सोसायला तयार आहेस तिला एक वाक्य का सांगता येत नाही.

मागच्या आठवड्यात गॅरेजमध्येच तुझं दुखणं उठलं होतं म्हणे. उन्हात पोत्यावर पडून होतास. गोलूभाऊ सांगत होता, "अर्धा घंटा बोलला नाही. मी म्हटलं, दवाखान्यात चाल, तं मान हलवली. मंग उठून बसला न् म्हणे, सीट जरा रुंद कर बे, तिले खुपायला नको."

रात्री पारा दहाच्या खाली चालला आहे. पुढे काच लावून घे. लोकांना स्टाइल वाटेल, आणि तुझ्या छातीला वारा लागणार नाही.

प्रीती


३० डिसेंबर २०२४

दादा,

काच लावलीस हे कळलं. मला बरं वाटलं, एवढंच.

साक्षगंध दोन फेब्रुवारीला ठरलं. आईने काल मला भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोसमोर उभं केलं आणि म्हणाली, "घे शपथ. भिवापूरवाल्यायपाशी एक शब्द काढणार नाही." मी म्हटलं, "आई, यांच्यासमोर खोटं बोलायची शपथ कशी घेऊ?" आई म्हणाली, "मंग तिकडे तोंड करून घे." मला हसू फुटलं. तीही हसली, आणि हसता हसता खाली बसली. मग म्हणाली, "तुले शिकवलं ते यासाठी काय वं? त्याचं घर बसून राहिलं तं तू पाया काढून राहिली." मी शपथ घेतली नाही. जेवायला वाढताना आई माझ्याकडे बघत नाही.

आईचं चुकलं असं मी लिहिणार नाही. तू लहान असताना दुखण्याने ओरडायचास आणि ती तुझे पाय मांडीवर घेऊन सकाळपर्यंत चोळायची. तिला तुझे पाय दुसऱ्या कुणाच्या तरी मांडीवर ठेवायचे आहेत. ती आता थकली आहे.

दुसरी गोष्ट. पुष्पलताचा फोन आला होता. माझा नंबर तिला तूच दिलास का? तिने इकडचंतिकडचं बोलून विचारलं, "ताई, त्यायले थंडी सोसत नाही का?"

मी म्हटलं, "त्यालाच विचार ना."

"विचारलं. ते म्हणते, गाडीवाल्या माणसाले कायची थंडी?"

"मग?"

"मंग काही नाही. मी स्वेटर विणून राहिली. बाह्या लांब ठेवू का?"

मी म्हटलं, लांब ठेव. मी खोटं बोलले नाही. खरंही बोलले नाही. 'त्यालाच विचार' हे उत्तर मला बरोबर वाटलं होतं, पण रात्रभर विचार करून आता तसं वाटत नाही. ती माझ्याकडे आली होती. बहुतेक तुझ्याकडून उत्तर मिळालं नाही म्हणून आली होती.

प्रीती


१६ जानेवारी २०२५

दादा,

तू उत्तर पाठवलंस. गोलूभाऊने शब्द न् शब्द सांगितलं, "तिले म्हणा, पत्रं लिहिणं बंद कर. माही बहीण आहे का माही नर्स?"

बहीणच आहे. पण हा प्रश्न तू विचारलास ते बरं झालं, कारण मीही तोच विचार करते आहे.

तुला आठवतं? मी सातवीत होते. मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यातून तुझा रक्ताचा रिपोर्ट आला. आई-बाबांना वाचता येत नव्हतं आणि तू नववीत असलास तरी शाळेत जातच नव्हतास, निम्मे दिवस दुखण्यात जायचे. सगळे माझ्याभोवती बसले. मला इंग्रजी जोडून जोडून वाचता यायचं. मी रिपोर्ट वाचला, मग सोबतचं मराठी पत्रक वाचलं, आणि त्यात लिहिलं होतं की हा आजार जन्मभर राहतो. मी ते मोठ्याने वाचलं. शाळेत धडा वाचतात तसं. तू माझ्याकडे बघत होतास. तेव्हापासून या घरात जे काही वाईट असतं ते माझ्या तोंडून येतं. बाबांच्या कंपनीची नोटीस, तुझ्या खुब्याचा एक्स-रे, सगळं. मला यात कुणाचा दोष दिसत नाही. वाचणारी मी एकटीच होते.

पण पुष्पलताच्या घरी तशी कोण आहे? तिला कोण वाचून दाखवणार?

म्हणून सांगते, आणि चोरून काही करायचं नाही म्हणून आधी सांगते. शनिवारपर्यंत तू तिला सांग. नाही सांगितलंस तर रविवारी मी भिवापूरला जाईन. मी आईलाही हेच सांगितलं आहे. ती म्हणाली, "जा. पण मंग या घरात येजो नको." बाबा पहिल्यांदा काही बोलले. म्हणाले, "येईन कशी नाही? हे घर तिचंबी आहे." आणि पुन्हा टीव्ही लावला, या वेळी आवाजासकट.

मी चूक करत असेन. तुझं लग्न मोडलं तर तू माझ्याशी आयुष्यात बोलणार नाहीस, हे मला माहीत आहे. मला भीती वाटते. तरी जाईन.

प्रीती


२० जानेवारी २०२५

दादा,

मी काल भिवापूरला गेले होते. तू शनिवारी काही बोलला नाहीस, ते मला तिथे पोचताच कळलं.

घरी पुष्पलता आणि तिची आजी दोघीच होत्या. अंगणभर मिरची वाळत होती. ती पाटावर बसून देठ खुडत होती. मला म्हणाली, "बसा ताई, पण हात लावू नका, आग होईन." मला नुसतं बसवेना. मीही खुडायला लागले. आजी उठून आत गेली. मी घरून सगळं पाठ करून गेले होते. कुठल्या शब्दाने सुरुवात करायची तेही. तोंड उघडलं, तर तीच बोलली.

"तुम्ही सांगाले आल्या ना?"

मी पुढचा देठ खुडला.

"नका सांगू ताई. मले त्यायच्या तोंडून आयकाचं आहे."

मी विचारलं, "काय ऐकायचं आहे?"

तेव्हा ती खाली बघून हसली. म्हणाली, "ते मागं आले होते. नागपूरहून इतक्या लांब गाडी चालवत. मामानं गाडी सावलीत लावाले सांगितली, तं मी ढकलाले गेली. एका सायलेन्सरनं पोटरी भाजली माही. म्हणून दुसऱ्याले हळूच हात लावून पाहिला, तं तो थंड. आत काठी दिसली. मी कोणालेच नाही सांगितलं."

"त्याला विचारलं नाहीस?"

"विचारलं असतं तं त्यायनं अजून एक काही तरी सांगितलं असतं. मी म्हटलं, थांबावं. कधी तरी थकतीन."

दादा, तू इतकी वर्षं सगळ्यांना फसवलंस, आणि तिने पोटरी भाजून घेऊन तुला ओळखलं.

यानंतर तिने मला आणखी काही सांगितलं. ते मी लिहिणार नाही. ते तिचं आहे आणि तिने मला शपथ घातली आहे, आणि ही शपथ मी घेतली, तोंड न फिरवता. एवढंच लिहिते, की त्यांच्या कॉलेजात सगळ्या मुलामुलींचं रक्त तपासलं होतं. आणि तिच्या आईनेही तिला तेच बजावलं आहे, जे आपल्या आईने मला बजावलं. तोंड बंद ठेव.

एवढं लिहिलं तेही जास्त झालं का? मी हा परिच्छेद फाडणार होते. मग वाटलं, मी जर यातलं काहीच लिहिलं नाही तर तू दोन फेब्रुवारीला पाटावर बसशील, तीही बसेल, दोघं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवून. आणि दोघांची घरं टाळ्या वाजवतील.

मी तिथे एक सत्य सांगायला गेले होते. परत येताना माझ्याकडे दोन होती आणि त्यांतलं एकही माझं नव्हतं. बसमध्ये डोळे पुसायची सोय नव्हती, हाताला मिरची होती. शेजारची बाई म्हणाली, "रडू नको वं बाई, पदरानं पूस."

आता मी कुणाला काही सांगणार नाही. तिलाही नाही, तुलाही नाही. तू आधी बोल. तू बोललास की ती बोलेल, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. आणि ती बोलल्यावर तुम्हा दोघांच्या वाट्याला जे येईल ते सोपं नाही, हेही सांगून ठेवते. मी नोव्हेंबरात लिहिलं तेव्हा वाटलं होतं, सांगितलं म्हणजे झालं. तसं नाही. सांगितल्यानंतरच खरं सुरू होईल.

प्रीती


४ फेब्रुवारी २०२५

दादा,

काल तुझा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या ऑफिसात कामावर होते, समोर विद्यार्थ्यांची रांग होती. म्हणून नीट बोलता आलं नाही. आणि तू जे विचारलंस त्याचं उत्तर मला फोनवर देता आलंही नसतं. हे शेवटचं पत्र गोलूभाऊकडे देते आहे. तो म्हणाला, "आता तं बोलून राहिले ना तुम्ही? मंग हे काहून?" मी म्हटलं, काही गोष्टी तोंडाने सांगायला गेले की मला रडू येतं.

तू सांगितलंस ते मी मनात पुन्हा पुन्हा म्हणते आहे. "तिनं पाणी देल्लं. मंग मी सांगितलं. मंग तिनं तिचं सांगितलं. मंग दोघंबी चूप." तू इतकं साधं सांगितलंस, जसं दुसऱ्या कुणाबद्दल. मग म्हणालास, "प्रीती, मले वाटलं होतं ती उठून जाईन. ती नाही उठली. मलेच उठून पळावंसं वाटलं." आणि हसलास. ते हसणं मला आवडलं नाही, पण ऐकून बरं वाटलं.

साक्षगंध पुढे ढकललं. तिचे बाबा तिच्याशी बोलत नाहीत आणि आपली आई माझ्याशी. आईला वाटतं हे मी केलं. मी खुलासा केलेला नाही. काल मात्र तिने मला विचारलं, "ते पोट्टी जेवते का बरोबर?" मी म्हटलं, मला कसं माहीत? ती म्हणाली, "विचार मंग."

आता तुझा प्रश्न. तुम्ही दोघं सोमवारी मेडिकलला जाणार. तिथल्या बाई समजावून सांगतात, बाळ पोटात असताना पहिल्या तीन महिन्यांत काय तपासता येतं, आणि आजार निघाला तर पुढे काय. तू म्हणालास, "तू चाल संगं. डॉक्टर बोलते ते तुले समजते. आमाले काय समजते?"

मी येईन. सुट्टी टाकली आहे. पण मी आत येणार नाही. मी बाहेर बाकावर बसेन.

तुझ्या शरीराबद्दलची प्रत्येक गोष्ट तू आधी माझ्याकडून ऐकलीस. मी वाचलं, आणि तू माझ्या चेहऱ्याकडे बघून ठरवलंस, किती घाबरायचं ते. आतसुद्धा तुम्ही दोघं त्या बाईंकडे बघणार नाही, माझ्याकडे बघाल. आणि माझा चेहरा कसा आहे ते तुला माहीत आहे. तो गॅस बंद केला की नाही एवढ्यावरूनही घाबरतो. तुमचं लग्न व्हावं की नाही, मूल व्हावं की नाही, हे माझ्या चेहऱ्यावरून ठरू नये.

जे समजणार नाही ते दोघांनी विचारा. त्या मराठीत सांगतात. पुन्हा विचारा, त्या पुन्हा सांगतील. पुष्पलता विचारेल, तिला विचारता येतं.

आणि बाहेर आल्यावर मला काही सांगितलं नाहीत तरी चालेल. मी विचारणार नाही. दादा, या पत्रातलं हे एवढंच वाक्य लिहायला मला सगळ्यांत जास्त वेळ लागला.

तुझी
प्रीती